किल्ल्या कोणाकडे? रावेरच्या एका केळी निर्यातदाराचं काम आम्हाला कसं मिळालं

आमची वेब डिझाइन एजन्सी जळगावात आहे. पाच माणसं. सुरुवात गोलाणी मार्केटच्या वरच्या मजल्यावरच्या एका गाळ्यात झाली, आता रिंग रोडला दोन खोल्या आहेत. २०२३ पर्यंत आमचं सगळ्यात मोठं काम २ लाख १० हजारांचं होतं. बाकीची कामं २५ ते ६० हजारांच्या घरातली: डाळ मिल, चटईचा कारखाना, सराफी पेढी, दवाखाना, क्लास. मार्च २०२४ मध्ये आम्ही १४ लाख ८० हजारांच्या करारावर सही केली.

तेव्हापासून इथल्या व्यवसायातली मुलं-मुली भेटली की दोन प्रश्न ठरलेले असतात. ओळख होती का? की भाव पाडला? ओळख नव्हती, आणि तीन कोटेशनांत आमचं सगळ्यात स्वस्तही नव्हतं. काम कशामुळे मिळालं हे मलाही सही झाल्यावर बऱ्याच उशिरा नीट कळलं. म्हणून हे सगळं प्रकरण आकड्यांसकट लिहून ठेवते आहे. ग्राहकाची परवानगी घेतली आहे, नाव त्यांच्याच इच्छेने दिलेलं नाही.

त्याआधीचं हुकलेलं काम

सुरुवात धुळ्यापासून करावी लागेल. २०२१ मध्ये तिथल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेचं काम आमच्या हातून गेलं. आम्ही नेहमीच्या पद्धतीने कोटेशन दिलं होतं: ४२ पानं, पानाला ३,५०० रुपये, एकूण १ लाख ४७ हजार. वर तीन डिझाइनचे नमुने फुकट. काम पुण्याच्या एका कंपनीला गेलं, आमच्या कितीतरी पट रकमेला.

तिथले कार्यालयीन अधीक्षक सज्जन होते. मी फोन केला तर म्हणाले, "मॅडम, डिझाइन तुमचंच चांगलं होतं. पण तुम्ही पाच जण. त्यातले दोघं उद्या पुण्याला नोकरीला गेले तर आम्ही काय करायचं?"

मला राग आला होता. खानदेशातल्या माणसाला खानदेशातल्या माणसावर भरवसा नाही, असं मी चार ठिकाणी बोलून दाखवलं. त्याच दिवाळीनंतर आमच्याकडचा एक मुलगा खरंच पुण्याला, हिंजवडीला गेला. चांगला मुलगा, चांगला पगार मिळाला, मी पेढे वाटले. पण त्याने केलेल्या तीन वेबसाइटमध्ये काय कुठे आहे, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. दुरुस्तीसाठी आम्ही त्याला रात्री दहाला फोन करायचो. अधीक्षकांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं, आणि तरीही ते कोटेशनमधून सोडवायची गोष्ट आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

फोन

ऑक्टोबर २०२३, नवरात्र चालू होतं. रावेर तालुक्यातून फोन आला. केळी निर्यात करणारं कुटुंब. स्वतःचं पॅकहाऊस, शीतगृह, आजूबाजूच्या गावांतल्या शेकडो शेतकऱ्यांचा माल, कंटेनर आखाती देशांत जातात. फोनवर धाकटे भाऊ होते, विक्री तेच बघतात. "वेबसाइट जुनी झाली. नवी करायची. अरबीतही पाहिजे. किती होतील?"

माझ्या तोंडावर नेहमीचा प्रश्न होता, "पानं किती?" तो विचारला असता तर मी सव्वा लाख सांगितले असते आणि कदाचित ते काम मिळालंही असतं, सव्वा लाखाचं. पण त्याच आठवड्यात आम्ही एका सराफी पेढीच्या डोमेनचं (वेबसाइटच्या पत्त्याचं) लफडं निस्तरत होतो. त्यामुळे तोंडातून निघालं, "भाऊ, आत्ताची वेबसाइट आणि ईमेल कोणाच्या नावावर आहे?"

पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "ताई, तुम्ही एकदा इकडे येऊनच जा."

भुसावळ ओलांडून तापीच्या पुलावरून सावद्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच पट्ट्याच्या जिवावर. पॅकहाऊसमध्ये मी अर्धा तास नुसती उभी राहिले. घड येतो, फण्या सुटतात, पाण्याच्या टाकीतून धुऊन निघतात, १३ किलोच्या खोक्यात बसतात, थंड होतात, आणि १३-१४ अंशांवर ठेवलेल्या रिफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून न्हावा शेवा बंदराकडे जातात. अंश-दोन अंश खाली गेलं तर सालीला थंडी बाधते, वर गेलं तर वाटेत पिकायला लागतं. इतक्या शिस्तीने चालणारी जागा मी आमच्या व्यवसायात पाहिलेली नाही.

मग आतल्या खोलीत बसलो. नाना, म्हणजे घरातले कर्ते, सत्तरीचे. थोरले भाऊ पॅकहाऊस बघतात. धाकटे भाऊ. थोरल्या सूनबाई, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, त्या हिशेब आणि निर्यातीचे कागद सांभाळतात. मी लॅपटॉप उघडून आमची कामं दाखवायला लागले. नानांनी दोन मिनिटं बघितलं आणि हात वर केला.

"ते चांगलंच असीन. मले एक सांग पोरी, उद्या तू नसली तं आम्ही कोणाले धरायचं?"

धुळ्याचाच प्रश्न, दोन वर्षांनी पुन्हा. या वेळी मी उत्तर दिलं नाही. "नाना, असं आधी काही झालंय का?" एवढंच विचारलं.

झालं होतं. त्यांचं डोमेन आधीच्या वेबसाइटवाल्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. २०२२ मध्ये त्याची मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही, त्या माणसाचा फोन बंद. वेबसाइट गेली त्याचं कोणाला फारसं वाटलं नाही. पण ईमेलही त्याच डोमेनवर होता. नऊ दिवस ईमेल बंद. एक कंटेनर समुद्रात, एक बंदरात. बिल, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (मालावर कीड-रोग नसल्याचं), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती) हे सगळे कागद खरेदीदाराला वेळेवर पोचले नाहीत तर माल तिकडच्या बंदरात पडून राहतो, आणि केळी काही थांबत नाही. धाकट्या भाऊंनी स्वतःच्या जीमेलवरून कागद पाठवले. खरेदीदाराला वाटलं फसवणूक आहे. ते साहजिकच होतं, कारण खोट्या ईमेलवरून बँक खातं बदलून पैसे लुटणं हा निर्यात व्यापारात नेहमीचा प्रकार आहे. त्याने पैसे अडवून धरले. शेवटी व्हिडिओ कॉलवर नानांचा चेहरा बघितला, तेव्हा सोडले.

वहिनी म्हणाल्या, "त्या नऊ दिवसांत मी दोन रात्री झोपले नाही. वेबसाइट कशी दिसते ते मला विचारू नका, मला माहीत नाही."

फोन करणारे धाकटे भाऊ होते, पण या कामाचा निर्णय वहिनी घेणार आहेत हे मला त्या क्षणी कळलं.

माती परीक्षण

मी म्हटलं, आज मी तुम्हाला किंमत सांगू शकत नाही. तीन आठवडे आम्ही इथे येऊन बसू, तुमचं काम कसं चालतं ते बघू आणि एक पुस्तिका लिहून देऊ. त्यात काय करायचं, कशाला, कोणत्या क्रमाने, हे सगळं असेल. ती पुस्तिका तुमची. ती घेऊन तुम्ही पुण्याच्या किंवा सुरतेच्या कंपनीकडे गेलात तरी चालेल. त्याचे ६० हजार आणि जीएसटी. पुढचं काम आम्हाला मिळालं तरी ही रक्कम त्यातून वजा होणार नाही.

हे बोलताना माझ्या घशाला कोरड पडली होती. आमच्या नेहमीच्या अख्ख्या वेबसाइटची ती किंमत होती, आणि मी ती एकही पान न बनवता मागत होते.

धाकटे भाऊ हसले. "कोटेशन द्यायचेच पैसे?"

वहिनींनी मध्येच तोडलं. "बाग लावायच्या आधी माती परीक्षणाचे पैसे आपण देतोच ना? आणि त्या प्रयोगशाळेकडूनच रोपं घेतली पाहिजेत असं कुठे आहे?"

माझ्या दहा वर्षांच्या धंद्यात मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. आता मी प्रत्येक नव्या ग्राहकाला हेच उदाहरण देते, आणि ते वहिनींचं आहे हेही सांगते.

नोव्हेंबरात आम्ही दोघं जण अकरा दिवस तिथे बसलो. काय दिसलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं यातूनच निघालं.

वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म आधीच्या वेबसाइटवाल्याच्या ईमेलवर जात होता. परदेशातून आलेली चौकशी कोणी वाचतच नव्हतं, आणि घरात समज असा की वेबसाइटवरून काही येत नाही.

डोमेन परत मिळालं होतं, पण ईमेल खरंच त्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी केलेल्या नव्हत्या. अर्थ असा की जगातला कोणीही त्यांच्या नावाने ईमेल पाठवू शकला असता आणि तो खऱ्यासारखा पोचला असता. मी वहिनींच्या परवानगीने, त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच पत्त्यावरून त्यांनाच एक खोटा ईमेल पाठवून दाखवला. त्यांनी तो उघडला, खाली स्वतःचं नाव वाचलं, आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. त्या तीन नोंदी आम्ही त्याच दुपारी करून टाकल्या, कोटेशनची वाट बघितली नाही. असलं काम राखून ठेवून सौदा करणं मला पटत नाही.

एकेका कंटेनरचे कागद वहिनी व्हॉट्सॲपवर, ईमेलवर आणि कुरियरने असे तिन्हीकडून पाठवत होत्या. खरेदीदार "ते पॅकिंगचे फोटो परत पाठवा" म्हणायचा, की त्या फोनमधले हजार फोटो चाळायच्या.

शेतकऱ्यांचा एकच प्रश्न होता, कटाई कधी? थोरल्या भाऊंचा फोन पहाटे पाचपासून वाजायचा. कटाईची टोळी आज ऐनपूरला आहे की निंभोऱ्याला, हे त्यांच्या डोक्यात असायचं, कागदावर कुठेच नाही.

शेतकऱ्यांसाठी छापलेली फ्रूट केअरची, म्हणजे घडांची निगा राखण्याची, माहितीपत्रकं छान होती, पण सगळी श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या पद्धतीत टाइप केलेली. तो मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की अक्षरांचा नुसता चिखल. युनिकोडमध्ये (वेबवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलताना रफार एका अक्षराने सरकतो, जोडाक्षरं फुटतात. प्रत्येक ओळ माणसाने वाचावी लागते.

डिसेंबरात पुस्तिका दिली. ४४ पानं, मराठीत. ती देताना शेडच्या मागे काड्यांवर वांगी भाजली जात होती. भरीत, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. नानांनी जेवून झाल्यावर चष्मा लावून पहिली दहा पानं सलग वाचली. "हे आमचंच आहे," म्हणाले, "पण आम्ही कधी असं लिहिलं नव्हतं."

कोटेशन

त्यांनी खरोखरच ती पुस्तिका आणखी दोघांना दिली. पुण्याच्या कंपनीने २१ लाख सांगितले, सुरतेच्या कंपनीने साडेनऊ. आम्ही १४ लाख ८० हजार.

आमच्या कोटेशनमध्ये पानांची संख्या कुठेच नव्हती. चार कामं होती. एक, इंग्रजी, अरबी आणि मराठीतली वेबसाइट. दोन, खरेदीदाराला स्वतःच्या कंटेनरचे कागद आणि फोटो लॉगिन करून बघता येतील अशी जागा. तीन, कटाईचं वेळापत्रक आणि शेतकऱ्याला आदल्या दिवशी एसएमएस. चार, ईमेलची सगळी व्यवस्था. प्रत्येक कामापुढे ते कोणाचा कोणता त्रास कमी करणार हे लिहिलं होतं, पुस्तिकेतल्या पान क्रमांकासकट.

आणि शेवटी एक प्रकरण होतं. त्याचं नाव आम्ही "किल्ल्या" ठेवलं. ते असं होतं:

डोमेन, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची जागा), ईमेल, सगळं तुमच्या नावावर, तुमच्या कार्डावर, तुमच्या फोनच्या ओटीपीवर. आम्हाला त्यात वेगळं खातं द्या, जे तुम्ही एका क्लिकवर बंद करू शकाल. एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे कंपनीचं नाव, पाठवणाऱ्याचं शीर्षक आणि संदेशाचा मसुदा डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर नोंदवावा लागतो. ती नोंदणीही तुमच्याच नावाने. (पुष्कळ एजन्सी ती स्वतःच्या नावाने करतात आणि ग्राहकाला कळतही नाही. हीसुद्धा एक बेडीच.) प्रोग्रामचा सगळा कोड दर शुक्रवारी तुमच्या खात्यात जमा होईल. नाशिकच्या एका एजन्सीशी आम्ही लेखी ठरवलं आहे: आम्ही पंधरा दिवस काम करू शकलो नाही तर ते हाती घेतील, आणि त्यांच्या तयारीचे पैसे आम्ही देऊ.

सगळ्यात शेवटी सराव. काम पूर्ण झाल्यावर नाशिकचा एक माणूस, ज्याने हे काम कधी पाहिलेलं नाही, तो फक्त आमची लेखी टिपणं आणि बॅकअप घेऊन एका दिवसात नव्या सर्व्हरवर सगळी व्यवस्था उभी करून दाखवेल. त्या दिवशी आम्ही त्याला काही सांगणार नाही. त्याला जमलं नाही तर शेवटचे १० टक्के देऊ नका.

आमच्या टीममधल्या एकाने हे वाचून मला सरळ विचारलं, "ताई, आपण स्वतःलाच काढून टाकायची सोय करून देतोय का?" हो, तेच करत होतो. ग्राहक आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून त्याच्या किल्ल्या आपल्या खिशात ठेवायच्या, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. छोट्या कामात तो चालून जातो, कारण अडकलं तरी नुकसान छोटं असतं. ज्याचे कंटेनर समुद्रात आहेत तो माणूस असल्या हातात पंधरा लाख कसे देईल? पुण्याच्या कंपनीकडे पन्नास माणसं असतात, म्हणून तिला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्याकडे पाच आहेत, त्यामुळे आपल्याला त्याचं उत्तर कागदावर द्यावं लागतं.

नंतर वहिनींनी सांगितलं की सुरतेचं कोटेशन स्वस्त होतं आणि पुण्याचं सादरीकरण देखणं होतं, पण "तुम्ही नसलात तर" या प्रश्नाला दोघांनीही "असं होणारच नाही" एवढंच उत्तर दिलं.

पैशांची बोलणी

हा भाग कोरडा आहे. पण मोठं काम घेऊन एजन्सी बुडते ती इथेच.

आमचा पगारांचा खर्च महिन्याला दोन लाखांच्या आसपास. पैसे दोन महिने अडकले तर आम्ही संपलो. म्हणून हप्ते असे ठरवले: सहीवेळी २५ टक्के म्हणजे ३ लाख ७० हजार, मधल्या दोन टप्प्यांवर तेवढेच, सगळं चालू झाल्यावर १५ टक्के, आणि सराव पार पडल्यावर शेवटचे १० टक्के, म्हणजे १ लाख ४८ हजार. वर १८ टक्के जीएसटी, २ लाख ६६ हजार ४००.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळ्या सीएंच्या तोंडी एकच विषय होता, आयकराचं कलम ४३बी(एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला वेळेत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही तरतूद लागू झाली होती. आमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) होतीच, फुकट होते, ऑनलाइन होते. ती आम्ही कोटेशनला जोडली. त्यांच्या सीएंनी स्वतःहून करारात ३० दिवस लिहिले. मी मागितलेही नव्हते. इथल्या किती एजन्सी ही नोंदणी करून ठेवतात आणि बिलावर तिचा क्रमांकही टाकत नाहीत!

दुसरी गोष्ट टीडीएसची, म्हणजे ग्राहक पैसे देतानाच कापून घेतो त्या आयकराची. तांत्रिक सेवा धरली तर २ टक्के, व्यावसायिक सेवा धरली तर १०. चौदा लाख ऐंशी हजारांवर हा फरक २९,६०० आणि १ लाख ४८ हजार असा पडतो. जास्तीचे कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, पण तोवर पगार कशातून करणार? दोन्ही सीएंना एकत्र बसवून हे सहीआधी मिटवलं. तिसरी गोष्ट, आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवायचा आणि पैसे आले की पक्कं बिल. पक्कं बिल आधी फाडलं तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी आपल्याच खिशातून भरावा लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत.

जिथे आम्ही चुकलो

अरबीचा खर्च आम्ही कमी धरला. उजवीकडून डावीकडे जाणारी मांडणी म्हणजे फक्त मजकूर उलटवणं, असं वाटलं होतं. बाण, तक्ते, फॉर्म, फोटोंचा क्रम, सगळं उलटतं, आणि मध्येच येणारा कंटेनरचा क्रमांक मात्र डावीकडून उजवीकडेच राहिला पाहिजे. भाषांतर तर आम्ही धरलंच नव्हतं. पहिलं भाषांतर आखातातल्या खरेदीदाराने वाचून परत पाठवलं. दुसऱ्या, जाणत्या माणसाकडून करून घेतलं, त्याचे ७२ हजार आमच्या खिशातून गेले. ग्राहकाकडे मागितले नाहीत, कारण कोटेशनमध्ये अरबी लिहिलं होतं आणि लिहिणारी मी होते.

एसएमएसनेही शिकवलं. मराठी संदेशाला जागा ७० अक्षरांची, आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी मोजली जाते. थोरल्या भाऊंचा पहिला मसुदा चार संदेशांत जात होता. शेवटी उरलं ते असं: "उद्या कटाई. सकाळी ७ ला टोळी येईल. घड मोजून ठेवा." यातला "घड मोजून ठेवा" हा भाग एका शेतकऱ्याने सुचवला. त्याने बांधावरचे वाद कमी झाले, असं थोरले भाऊ सांगतात.

मे-जूनच्या वादळी वाऱ्यात तालुक्यातल्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा तीन आठवडे कोणालाच आमच्याशी बोलायला वेळ नव्हता. आम्हीही काम थांबवलं. टप्प्याची तारीख पुढे गेली, हप्ता पुढे गेला, आणि त्या महिन्याचे पगार मी सोनं गहाण ठेवून केले. पुढच्या करारात शेतीच्या हंगामाचं कलम वेगळं लिहिलं आहे.

वजनकाटाही यात जोडून द्या, अशी मागणी मध्येच आली. नाही म्हणणं जिवावर आलं होतं. पण पुस्तिकेत ते नव्हतं, म्हणून वेगळा कागद, वेगळी रक्कम. वहिनींनी पुस्तिका उघडून बघितली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." पुस्तिकेने अशा वेळी आम्हाला अनेकदा वाचवलं.

सराव

ऑक्टोबर २०२४. नाशिकहून तरुण आला, पॅकहाऊसच्या वरच्या खोलीत बसला. आम्ही तिघं खाली, फोन वहिनींच्या टेबलावर ठेवलेले. दुपारी दोनला वेबसाइट उभी राहिली, तिन्ही भाषांत. शेडमधल्या साध्या अँड्रॉइड फोनवर मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसत होता. गूगल यालाच चांगला वेग म्हणतं, आणि करारातही तोच आकडा होता. चारला खरेदीदाराचं लॉगिन चाललं. संध्याकाळी सहाला एसएमएस जाईना. त्यासाठी लागणारी एक गुप्त किल्ली आमच्या टिपणांत लिहिलेलीच नव्हती. ती आमच्या एका मुलाच्या लॅपटॉपवर होती.

म्हणजे ज्या गोष्टीची आम्ही शपथ घेतली होती, तीच चूक आमच्या घरात शिल्लक होती. मी वहिनींना सांगितलं, सराव झाला नाही, १० टक्के देऊ नका. टिपणं पुन्हा लिहिली. बारा दिवसांनी दुसरा सराव केला, या वेळी नाशिकहून वेगळी मुलगी आली होती. साडेपाचला एका शेतकऱ्याच्या फोनवर संदेश वाजला. उरलेले पैसे नवव्या दिवशी खात्यात आले.

हिशेब

कामावरच्या माणसांचे पगार ८ लाख ४० हजार, नाशिकच्या एजन्सीचे ९० हजार, अरबीचे ७२ हजार, जाण्या-येण्याचे ३८ हजार, भाडं-वीज वगैरेचा वाटा १ लाख १० हजार. एकूण साडेअकरा लाख. उरले ३ लाख ३० हजार. माझा पगार त्यात धरलेला नाही. आम्ही पाच लाख उरतील असं धरलं होतं. ज्याला वाटतं की मोठ्या कामात नुसता पैसाच पैसा, त्याने हे आकडे नीट बघावेत. देखभालीचा वार्षिक करार २ लाख ४० हजारांचा झाला. किल्ल्या त्यांच्याकडे असूनही तो आम्हालाच मिळाला, याचं मला फार समाधान आहे.

पुढची दोन कामं त्यांच्या सीएंमुळे आली. एक जळगावची डाळ मिल, एक धुळ्याचा कारखाना. धुळ्याच्या मालकांनी आमची एकही वेबसाइट बघायला मागितली नाही. त्यांनी किल्ल्यांचं प्रकरण मागवून घेतलं, लाल पेनाने दोन कलमं वाढवली आणि मग भेटायला बोलावलं.

रावेरला सराव आता दर वर्षी असतो, पोळ्यानंतरच्या आठवड्यात. टिपणं वहिनींच्या लोखंडी कपाटात जमिनीच्या कागदांशेजारी असतात. या वर्षी नाशिकहून कोणाला बोलवायचं नाही असं वहिनींनी ठरवलं आहे. त्यांची भाची फैजपूरला संगणक शिकते, ती बसणार आहे. त्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत आमच्यापैकी कोणीही तिचा फोन उचलायचा नाही.